कोणतं क्लाउड घ्यायचं ते नंतर. आधी मूळ प्रत कुठे आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोन रोज ‘स्टोरेज भरलं’ म्हणून ओरडतोय, लॅपटॉपवर दोन वेगवेगळ्या क्लाउड सेवा चालू आहेत, ऑफिसच्या फाइली तिसरीकडे आणि घरच्यांची कागदपत्रं कुणाच्या तरी ईमेलमध्ये अडकलेली. हे सगळं एका जागी आणायचं तर गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स की आयक्लाउड? आणि एकदा वर चढवलं की फोनमधून उडवून टाकलं तर चालेल का?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. चारांपैकी कुठलंही चालेल. घरात सगळी ॲपलची उपकरणं असतील तर आयक्लाउड, दिवसभर वर्ड-एक्सेलमध्ये काम असेल तर वनड्राइव्ह, अनेकांनी मिळून ब्राउझरमध्ये काम करायचं असेल तर गूगल. फुकट जागा गूगलकडे 15 जीबी, वनड्राइव्ह आणि आयक्लाउडकडे 5 जीबी, ड्रॉपबॉक्सकडे 2 जीबी. पण खरा प्रश्न तुम्ही शेवटी जाता जाता विचारलाय. गेली वीसेक वर्षं मी लहान-मोठ्या ऑफिसांचे संगणक सांभाळते. हार्ड डिस्क बसल्यामुळे फाइली गेल्याची रडारड पाहिलीच, पण अलीकडे ‘क्लाउडवर आहे की’ या भरवशावर गेलेल्या फाइलींचीच जास्त पाहते.

गडबड ‘सिंक’ या शब्दापासून सुरू होते. ड्रॉपबॉक्सचा एक संस्थापक ड्रू ह्यूस्टन बसने प्रवासाला निघाला आणि पेनड्राइव्ह घरीच विसरला, त्यातून ही कल्पना सुचली असं तो स्वतः सांगत आलाय. कंपनी 2007 मध्ये निघाली. या गोष्टीतली त्याची अडचण नीट बघा. फाइल हरवलेली नव्हती, ती फक्त दुसऱ्या जागी होती. म्हणून त्याने जे बनवलं ते ‘माझी फाइल सगळीकडे सारखीच दिसावी’ यासाठी. फाइल जपून ठेवणं हे निराळं काम आहे. सिंक म्हणजे आरसा. तुम्ही फाइल सुधारली की आरशातलीही सुधारते, आणि तुम्ही डिलीट मारलं की आरशातूनही ती जाते. लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडवणारा व्हायरस, शिरून त्याने फाइलींना कुलूप घातलं, तर सिंकच्या दृष्टीने तोही एक बदलच असतो. तो इमानेइतबारे वर पाठवला जातो.

एक प्रसंग सांगते. बारा जणांचं एक डिझाइन ऑफिस, सगळ्यांचं काम एका सामाईक फोल्डरमध्ये. नव्याने आलेल्या एकाचा लॅपटॉप गच्च भरला. त्याने सगळ्यात मोठं फोल्डर शोधलं, ‘जुनी कामं’ नावाचं, आणि ते तर क्लाउडवर आहेच असा विचार करून लॅपटॉपवरून उडवलं. बाराही जणांच्या संगणकांवरून ते गेलं. जुनी कामं रोज कोण उघडतंय? सात आठवड्यांनी एका जुन्या ग्राहकाने ड्रॉइंग मागितलं तेव्हा उघडकीला आलं. ट्रॅशची, म्हणजे डिलीट केलेल्या फाइली थांबतात त्या कचरापेटीची, मुदत 30 दिवसांची, ती केव्हाच उलटून गेलेली. वाचवलं ते एका बाईंच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या डिस्कने, जिच्यावर आठ महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी कॉपी मारून ठेवली होती. त्या मुलाला सगळे बोलले, पण चूक त्याच्याइतकीच माझी. ‘क्लाउडवर टाका म्हणजे निर्धास्त’ हे त्या ऑफिसला सांगणारी मीच.

तेव्हापासून मी कुठलीही व्यवस्था लावताना एकच गोष्ट विचारते: या फाइलची मूळ प्रत कुठली, आणि मूळ प्रत नाहीशी झाली तर तिच्याबरोबर नाहीशी होणार नाही अशी दुसरी प्रत कुठे आहे? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तुम्ही कुठलंही क्लाउड घ्या, तुमच्याकडे प्रत एकच आहे. ती पाच पडद्यांवर दिसते एवढंच.

आता फोनचं बघू. गूगल फोटोज ॲपमध्ये फोटो डिलीट केला की तो फोनमधून जातो आणि क्लाउडमधूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो, मग कायमचा गेला. तुम्हाला हवंय ते बटण वेगळं आहे: ‘जागा मोकळी करा’. ते फक्त बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढतं, वरची राहते. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल तर तिथेही हाच सापळा. एका उपकरणावर डिलीट म्हणजे सगळीकडे डिलीट. तिथे सेटिंगमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ निवडायचं, म्हणजे फोनवर लहान आवृत्ती राहते आणि मोठी वर. वनड्राइव्हमध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ म्हणायचं. तिथली चिन्हं एकदा ओळखून घ्या. निळा ढग म्हणजे फाइल फक्त वर आहे, इंटरनेट नसेल तर उघडणार नाही. हिरव्या कडेची बरोबरची खूण म्हणजे सध्या संगणकावरही आहे. भरीव हिरवा गोल म्हणजे कायम संगणकावर ठेवायला सांगितलेली. प्रवासात दाखवायचं सादरीकरण निळ्या ढगावर सोडून निघालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि एकदा त्यांतली एक मीच होते.

स्टोरेज नक्की कशाने भरतंय हेही तपासा. गूगलचे 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून आहेत. 1 जून 2021 पर्यंत फोटोजमध्ये ‘हाय क्वालिटी’चे फोटो मोजलेच जात नसत, त्यानंतर चढवलेले मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही पूर्वी या मापात धरत नसत, 2024 पासून तोही धरतात. त्यामुळे काही न करता जागा संपल्यासारखं वाटतं. आणि ती पूर्ण संपली की जीमेलला नवीन ईमेल येणं बंद होतं. ‘मला कुणी मेलच करत नाही’ या तक्रारीचं कारण अनेकदा ग्रुपवरच्या शुभेच्छांच्या व्हिडिओंमध्ये सापडतं. आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. मगच जास्तीची जागा विकत घ्यायची की नाही ते ठरवा.

दुसऱ्या प्रतीबद्दल. आमच्या धंद्यात 3-2-1 असा हिशेब आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने तो रूढ केला. घरगुती वापरासाठी याचा अर्थ असा: लॅपटॉप किंवा फोन, क्लाउड आणि एक बाहेरची डिस्क. डिस्क महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची आणि काढून ठेवायची. कायम जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून निम्मी बाद, कारण लॅपटॉपला जे होईल ते तिलाही होईल. क्लाउड म्हणजे शेवटी कुणाच्या तरी इमारतीतले संगणक. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप तिथेच होता त्यांचा डेटा बॅकअपसकट गेला. मोठ्या ग्राहकसेवा सहसा प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात, त्यामुळे आगीची भीती तुम्हाला कमी. पण खातं लॉक झालं, पासवर्ड गेला, चुकून डिलीट झालं, या गोष्टी आगीपेक्षा फार जास्त वेळा होतात, आणि त्या वेळी त्या सगळ्या प्रती एकाच कुलपामागे असतात.

इथे एक खोच आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. गूगल डॉक्स किंवा शीट्समध्ये बनवलेली फाइल ही फाइलच नसते. संगणकावरच्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ती दिसते, तुम्ही ती उचलून डिस्कवर टाकता, समाधानाने डिस्क कपाटात ठेवता. डिस्कवर गेलेली असते ती फक्त एक चिठ्ठी, ‘हा दस्तऐवज अमुक पत्त्यावर आहे’ असं सांगणारी. पत्त्यावरचं घर पाडलं की चिठ्ठीचा उपयोग काय? अशा फाइली ‘डाउनलोड’ करून वर्ड, एक्सेल किंवा पीडीएफमध्ये काढाव्या लागतात. एकेक करत बसू नका. गूगल टेकआउट नावाची सोय आहे, ती सगळं खातं झिपमध्ये बांधून देते आणि डॉक्सचं वर्डमध्ये रूपांतरही आपोआप करते. दर दोन महिन्यांनी, वर्षभर, असं वेळापत्रकही लावता येतं. मात्र डाउनलोडची लिंक काही दिवसच चालते. ईमेल आला की त्याच आठवड्यात उतरवून घ्या.

कामाच्या बाजूला वळते. क्लाउडचा खरा फायदा जागेपेक्षा इथे आहे, आणि लोक तो निम्मासुद्धा वापरत नाहीत. अजूनही ‘अंतिम’, ‘अंतिम 2’, ‘अंतिम नक्की’ अशा फाइली ईमेलने फिरतात. ब्राउझरमधल्या दस्तऐवजात प्रत्येकाने दाबलेली प्रत्येक कळ ही एक छोटी कृती म्हणून सर्व्हरकडे जाते: अमक्या जागी हे अक्षर घाला, तमक्या जागचं काढा. सर्व्हर त्यांचा क्रम लावतो. तुमच्या आधी कुणी तीन अक्षरं वर घातली असतील तर तुमची जागा तीन घरं पुढे सरकवतो. म्हणून दहा जण एकाच परिच्छेदात लिहीत असले तरी गोंधळ होत नाही. याउलट साधी फाइल सिंक फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी आपापल्या संगणकावर उघडली, तर सिंकला आतलं काही कळत नाही. त्याला एका फाइलच्या दोन आवृत्त्या दिसतात आणि तो ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ नावाची दुसरी फाइल काढून ठेवतो. ती नजरेतून सुटली की कुणाचं तरी दिवसभराचं काम तिच्यात पुरलं गेलंच समजा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटाबेस तर सिंक फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका. तो सतत बदलत असतो, अर्धवट बदललेल्या अवस्थेत वर जातो आणि एक दिवस उघडतच नाही. त्या सॉफ्टवेअरमधून रोज बॅकअप काढा आणि ती बॅकअप फाइल सिंक होऊ द्या.

आवृत्त्यांचा इतिहास ही सोय मला सगळ्यांत आवडते. डॉक्समध्ये कुणी काय, कधी बदललं ते मागे जाऊन बघता येतं, आणि महत्त्वाच्या टप्प्यावर आवृत्तीला नाव देऊन ठेवता येतं: ‘ग्राहकाला पाठवलेली’, ‘वकिलांनी पाहिलेली’. वाद मिटवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण ड्राइव्हमध्ये तुम्ही चढवलेल्या साध्या फाइलींच्या, म्हणजे पीडीएफ, फोटोशॉप वगैरेंच्या, जुन्या आवृत्त्या 30 दिवस किंवा 100 आवृत्त्या एवढ्याच मर्यादेत राहतात. एखादी कायम हवी असेल तर तसं तिच्यावर खूण करून सांगावं लागतं. सामाईक शीटमधलं एक रोजचं भांडणही सोडवून टाकते. तुम्ही साधा फिल्टर लावला की तो सगळ्यांच्या पडद्यावर लागतो आणि पलीकडचा माणूस ‘माझ्या ओळी कुणी काढल्या?’ म्हणून फोन करतो. ‘फिल्टर व्ह्यू’ वापरा. तो इतरांचा पडदा हलवत नाही.

शेअर करताना मात्र हात जपून. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय निवडला की लिंक ज्याच्या हाती लागेल त्याचा प्रवेश, मग ती एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये कशी गेली याला तुम्ही काही करू शकत नाही. सहलीच्या वेळापत्रकाला हे ठीक. ओळखपत्रं, पगारपत्रक, वैद्यकीय अहवाल यांना नावाने, ईमेल पत्ता घालूनच प्रवेश द्या, आणि काम झालं की काढा. फोल्डर शेअर केलं की त्यात उद्या टाकाल ते सगळंही आपोआप शेअर होतं, हे विसरल्याने झालेले घोटाळे मी मोजायचे सोडून दिलेत. आणि संपादनाचा हक्क शक्यतो देऊ नका. नव्वद टक्के लोकांना ‘कमेंट’ पुरते, उरलेल्यांतल्या निम्म्यांना नुसतं बघायचं असतं. (आकडा माझा अंदाज, पण हक्क काढून घेतल्यावर फारसं कुणी परत मागत नाही.)

मालकी हा आणखी एक न बोलला जाणारा मुद्दा. ऑफिसच्या खात्यात बनवलेली फाइल ऑफिसची. नोकरी सोडली की ॲडमिन खातं बंद करतो, आणि तुम्ही त्यात ठेवलेले मुलांचे फोटो, कर्जाची कागदपत्रं, स्वतःचा बायोडाटा, सगळं त्याबरोबर जातं. कायदेशीरपणे भांडायलाही फारशी जागा नसते. उलटही तितकंच खरं: ऑफिसची महत्त्वाची शीट कुणाच्या तरी खासगी जीमेलवर बनलेली असेल तर तो माणूस गेल्यावर ऑफिस त्याच्या मर्जीवर. दोन्ही खाती ब्राउझरमध्ये वेगवेगळ्या प्रोफाइलमध्ये ठेवा, रंगही वेगळे द्या. एवढ्यानेही निम्म्या चुका टळतात.

आता कुलपाकडे. सगळं एका खात्यात आणलं की ते खातं म्हणजे तुमच्या घराची किल्ली झाली. त्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा आणि लांब असावा. दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती मी करत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही 2017 पासून ती नको असं सांगितलंय, कारण लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात आणि थांबतात. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड लक्षात ठेवणारं ॲप, घ्या. दोन टप्प्यांची पडताळणी लावाच, पण एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीवर अवलंबून राहू नका. सिम बंद पडलं, नंबर बदलला किंवा कुणी तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं की संपलं. दर 30 सेकंदांनी सहा आकडे बदलणारं ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने किंवा पिनने उघडणारी किल्ली) बरी. आणि खात्याचे रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना आत शिरायचे राखीव आकडे, कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा. हो, कागदावर. हॅकर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही; फोन पाण्यात पडल्यावर मात्र तुम्ही नक्की तिथे जाल.

एन्क्रिप्शनबद्दल, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा रूपात फाइल ठेवण्याबद्दल, विचाराल म्हणून सांगते. या सगळ्या सेवा फाइली कुलूपबंद ठेवतात, पण साधारणपणे एक किल्ली त्यांच्याकडेही असते. म्हणूनच पासवर्ड विसरल्यावर त्या तुम्हाला आत घेऊ शकतात. ॲपलने डिसेंबर 2022 मध्ये ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आणलं, ते चालू केलं की बहुतेक गोष्टींची किल्ली फक्त तुमच्याकडे. मग ती हरवली तर ॲपलही मदत करू शकत नाही. सरसकट सगळ्यांना मी हे सुचवत नाही. मोजकी संवेदनशील कागदपत्रं असतील तर क्रिप्टोमेटरसारख्या मुक्त सॉफ्टवेअरने त्यांची वेगळी तिजोरी करा आणि ती ड्राइव्हमध्ये ठेवा. उरलेलं तसंच राहू द्या.

घरच्यांच्या खात्यांसाठी दोन गोष्टी आजच करून टाका. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकण्याचा अधिकार गूगलने स्वतःकडे ठेवलाय, आणि डिसेंबर 2023 पासून ते काढायला सुरुवातही झाली. वडीलधाऱ्यांचं जुनं खातं, ज्यात वीस वर्षांचे ईमेल आहेत, त्यात अधूनमधून लॉगिन करा. दुसरं, ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ भरा: 3, 6, 12 किंवा 18 महिने खातं निपचित राहिलं तर कुणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं ते आधीच सांगून ठेवता येतं. ॲपलकडे याच्या जवळची सोय म्हणजे ‘लेगसी कॉन्टॅक्ट’. अवघड विषय आहे, घरात काढायला जीभ रेटत नाही. पण माणूस गेल्यावर त्याच्या फोनचा पिन शोधत बसलेलं घर पाहणं त्याहून अवघड.

सेवा निवडताना मी आणखी एक बघते, तिथून बाहेर पडता येईल का. गूगल रीडर, वेगवेगळ्या साइटवरचं नवीन लेखन एका जागी वाचायची सेवा, 1 जुलै 2013 ला बंद झाली. लाखो लोक ती रोज वापरत होते. एव्हरनोट या टिपणं ठेवायच्या ॲपने 2023 च्या अखेरीस फुकट खात्याला 50 नोंदींची मर्यादा घातली. यात कुणाची फसवणूक नाही, धंदा आहे. तुम्ही एवढंच पाहा की ‘एक्सपोर्ट’चं बटण आहे का आणि त्यातून निघालेली फाइल दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅममध्ये उघडते का. मराठीतल्या जुन्या फाइलींना तर ही परीक्षा आधीच द्यावी लागली आहे. शिवाजी, श्रीलिपी वगैरे फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ड्राइव्हवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो आणि शोधून सापडत नाही. तो एकदाच कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणून ठेवा. स्कॅन केलेली पानं गूगल डॉक्समध्ये उघडली तर देवनागरीही बऱ्यापैकी ओळखली जाते, जोडाक्षरं तेवढी तपासावी लागतात.

फाइलींच्या नावात तारीख घालायची तर 2025-03-14 अशी, वर्ष आधी. नावाप्रमाणे लावलं की काळाप्रमाणेही आपोआप लागतात. फोल्डरांची सात मजली उतरंड रचू नका, शोधपेटी तुमच्यापेक्षा वेगवान आहे.

तुमच्या बाबतीत मी काय केलं असतं? लॅपटॉपवरची एक सेवा बंद केली असती, सगळं दुसरीत आणलं असतं, ऑफिसचं ऑफिसमध्ये सोडलं असतं. ईमेलमधली कागदपत्रं उतरवून ‘घर’ नावाच्या एका फोल्डरमध्ये, फक्त घरच्यांच्या ईमेल पत्त्यांना शेअर करून. मग फोटो आणि ते फोल्डर एका डिस्कवर कॉपी. कॉपी झाल्यावर डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावून डोळे मिटून चार फाइली निवडा, एक जुना फोटो, एक व्हिडिओ, एक पीडीएफ, एक वर्ड, आणि त्या खरंच उघडतात का बघा. उघडल्या, की फोनमधलं ‘जागा मोकळी करा’ दाबा.